चोवीस तासांचा उरूस

आमच्या कोकणातल्या मुसलमान घरांत एखादा तरी माणूस बोटीवर असायचाच. माझा मामेभाऊ तसाच. इंजिनखान्यात बरीच वर्षं काढून तो इंग्लंडात उतरला आणि एका गॅरेजात कामाला लागला. आम्ही त्याला भाई म्हणतो. हा भाई १९८८ पासून दर जूनमध्ये तीन दोस्तांबरोबर फ्रान्सला जायचा. गॅरेजातले दोघे इंग्रज आणि एक सरदारजी. पोर्टस्मथला रात्रीच्या बोटीत गाडी चढवायची, पहाटे नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरायचं आणि दीडेकशे किलोमीटरवरचं ल माँ गाव गाठायचं. लोक उरसाला जातात तसे हे चौघे तिथल्या चोवीस तासांच्या मोटारशर्यतीला जात. २०१२ साली भाईने मलाही ओढून नेलं. म्हणाला, "शायर, एकदा बघ तरी. मग काय नावं ठेवायची ती ठेव."

नावं मी आधीच ठेवली होती. त्याच त्या वाटेवर दिवसभर, रात्रभर फिरणाऱ्या गाड्यांत बघायचं काय? पण तंबू ठोकून, तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी पुढ्यात घेऊन बसल्यावर भाईने इतिहास सांगायला सुरुवात केली, तेव्हा माझा सूर उतरला.

ही शर्यत सुरू झाली २६ मे १९२३ रोजी. त्या काळी मोटारींच्या दिव्यांचा भरवसा नसे. गाडी रात्रभर चालते का, हे पारखावं म्हणून तिथल्या मोटार क्लबचे जॉर्ज दुराँ आणि पत्रकार शार्ल फारू यांच्यासारख्या मंडळींनी अहोरात्र शर्यत ठरवली. तेहेतीस गाड्या सुटल्या, तीस शेवटपर्यंत टिकल्या. वाट गावच्या रहदारीचीच होती. आजही साडेतेरा किलोमीटरच्या त्या वाटेचा मोठा भाग एरवी साधा सरकारी रस्ता असतो. इथे कसोटी टिकण्याची. बोटीच्या इंजिनखान्यात पाळ्यांवर रात्री जागवलेल्या माणसाला हे भावलं, यात नवल नाही.

पण या उरसाला एक काळा दिवस आहे. ११ जून १९५५. संध्याकाळचे साडेसहा वाजत आले होते. माइक हॉथॉर्नची जॅग्वार थांब्याकडे वळण्यासाठी मंदावली. मागच्या ऑस्टिन-हीलीने तिला चुकवलं आणि तिच्यावर पिएर लव्हेगची मर्सिडीज येऊन आदळली. गाडी उडाली, फुटली आणि तिचे जळते तुकडे प्रेक्षकांत शिरले. ऐंशीहून अधिक प्रेक्षक मेले. लव्हेगही गेला. १९५२ साली जवळजवळ सारी शर्यत एकट्याने चालवून, विजय हाताशी आलेला असताना गाडी बिघडल्यामुळे हरलेला हा माणूस.

आणि शर्यत थांबवली नाही. लाखो लोक एकदम निघाले तर रुग्णवाहिकांचे रस्ते अडतील, असं आयोजकांचं म्हणणं. मर्सिडीजने आघाडीवर असूनही रात्री आपल्या उरलेल्या गाड्या काढून घेतल्या. हॉथॉर्नची जॅग्वार जिंकली.

दरवर्षी तंबूत यावरून वाद होई. इंग्रज दोस्त आयोजकांची बाजू घेत. सरदारजी चिडून म्हणत, शेजारी मुडदे पडलेले असताना झेंडा हलवायचा कसा? मी सरदारजींच्या बाजूला गेलो. भाई बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आमच्या बोटीवर एक पोरगा पडून मेला. इंजिन चालूच राहिलं. दुसऱ्या दिवशी तिथे कठडा बसवला. तू इंजिनाचं विचारतोस. कठडा बसवला का, ते विचार."

मी विचारलं. ल माँमध्ये पुढच्याच वर्षी थांब्यांची जागा नव्याने बांधली, प्रेक्षकांना मागे हटवलं. पण कठडा अर्धाच बसला होता. शर्यतीचा आरंभ जुन्याच पद्धतीने होई. चालकांनी रस्ता ओलांडून धावत जायचं, गाडीत उडी मारायची आणि सुसाट सुटायचं. या घाईत पट्टा कोण बांधणार? १९६९ साली बेल्जियमचा तरुण चालक जॅकी इक्स याने निषेध म्हणून धावायचंच नाही ठरवलं. सगळे पळाले, तो सावकाश चालत गेला, नीट पट्टा बांधला आणि सर्वांत शेवटी निघाला. पहिल्याच फेरीत पट्टा न बांधलेल्या जॉन वुल्फचा अपघातात मृत्यू झाला. आणि चोवीस तासांनंतर चालत गेलेला इक्स आणि त्याचा जोडीदार जॅकी ऑलिव्हर जिंकले, शे-सव्वाशे मीटरच्या फरकाने! पुढच्या वर्षापासून धावण्याची पद्धत बंद झाली.

आम्ही गेलो त्या वर्षी करुण चंडोक धावत होता. या शर्यतीत उतरलेला पहिला भारतीय; त्याची गाडी सहावी आली. तिरंगा पाहून मी आणि सरदारजी ओरडत होतो. शर्यतीच्या पाचव्या तासाला समोरच्या मोठ्या पडद्यावर अँथनी डेव्हिडसनची टोयोटा दुसऱ्या गाडीला घासून हवेत उडाली आणि टायरांच्या भिंतीवर आदळली. सगळे चिडीचूप. भाईने माझा हात धरला होता. डेव्हिडसनचे दोन मणके मोडले, पण तो वाचला. पुढे पुन्हा गाडी चालवू लागला. एकाही प्रेक्षकाला खरचटलं नाही. १९५५ मध्येही गाडी अशीच उडाली होती. मधल्या सत्तावन्न वर्षांत बसवलेला एकेक कठडा मला त्या क्षणी दिसला.

सोमवारी सकाळी तंबू आवरले. आदल्या दिवशी ज्या सरळ रस्त्यावरून गाड्या बाणासारख्या सुटत होत्या, तो रहदारीला खुला झाला होता. दुधाची गाडी, सायकलवरची एक म्हातारी. मी मागच्या सीटवर बसलो. भाईने किल्ली लावली, पण फिरवली नाही. आरशातून माझ्याकडे पाहत राहिला.

"शायर," तो म्हणाला, "पट्टा."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)