प्रसूतीची नोंद आणि नोंदीतील आई : मेडशी परिसराच्या संदर्भात जन्म-छायाचित्रणाचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

मोबदला देऊन व्यावसायिक छायाचित्रकारास प्रसूतीच्या वेळी पाचारण करावे आणि जन्माच्या क्षणाचे चित्रण करून घ्यावे, ही प्रथा आपल्याकडे अद्याप महानगरांतील मोजक्या कुटुंबांपुरती मर्यादित आहे. पाश्चात्त्य देशांत एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून तिला स्वतंत्र व्यवसायाचे रूप येत गेले. वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यात, अकोला-वाशिम मार्गावर वसलेल्या मेडशीसारख्या गावात हा विषय काढल्यास तो चेष्टेचा किंवा संकोचाचा ठरण्याचाच संभव अधिक. डोहाळजेवणाची आणि बारशाची छायाचित्रे आता खेड्यापाड्यांतही हौसेने काढली जातात. परंतु या दोन समारंभांच्या मध्ये जे घडते, त्याच्यावर पडदा असतो.

हा पडदा केवळ लज्जेचा आहे, असे म्हणून विषय संपत नाही. जन्माची नोंद आपल्या समाजाने पूर्वीपासून केली आहे. ती भिंतीवर केली, दगडात केली, सरकारी वहीतही केली. म्हणून प्रस्तुत निबंधात तीन प्रश्न उपस्थित केले आहेत. जन्माची नोंद कोण करवितो? त्या नोंदीत कोण दिसते? आणि ती नोंद कोणाच्या मालकीची असते? या प्रश्नांची उत्तरे पाहिल्यावर, नवी वाटणारी ही प्रथा एका जुन्या उणिवेशी निगडित असल्याचे ध्यानात येते.

वत्सगुल्म, अजिंठा आणि लज्जागौरी

वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या शाखेतील हरिषेण राजाच्या काळात, म्हणजे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, अजिंठ्याची अनेक लेणी आकारास आली. त्याचा अमात्य वराहदेव याने क्रमांक १६ चे लेणे कोरवून घेतल्याचे तेथील शिलालेखावरून ज्ञात होते. याच अजिंठ्यातील क्रमांक २ च्या लेण्यात बुद्धजन्माचे चित्र आहे. लुंबिनी वनात मायादेवी वृक्षाच्या फांदीचा आधार घेऊन उभी आहे आणि नवजात बालकाला देवांनी हाती घेतले आहे. दात्याने धन द्यावे आणि कुशल चित्रकारांनी जन्मप्रसंग रंगवावा, हा व्यवहार या भूमीला दीड हजार वर्षांपासून परिचित आहे, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे.

मात्र या चित्रातील मातेला वेदना नाही. परंपरेनुसार बालक तिच्या उजव्या कुशीतून बाहेर येते. शरीराचे कष्ट, रक्त, श्रम यांना तेथे स्थान नाही. याच्या उलट टोकाला लज्जागौरीच्या मूर्ती उभ्या आहेत. तेर, भोकरदन अशा ठिकाणी सापडलेल्या या मूर्तींत उत्तानपाद अवस्थेतील स्त्रीदेह दिसतो. पाय दुमडून फाकलेले असतात आणि मस्तकाच्या जागी पुष्कळदा कमळ असते. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी १९७८ च्या 'लज्जागौरी' या ग्रंथात या देवतेच्या मातृत्वाशी व सुफलनाशी असलेल्या संबंधांचा सविस्तर शोध घेतला आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यातून एक निरीक्षण नोंदविता येते. अजिंठ्याच्या मायादेवीला चेहरा आहे, पण प्रसूती नाही. लज्जागौरीला प्रसूतीसूचक देह आहे, पण चेहरा नाही. प्रसवणारी स्त्री एक सबंध व्यक्ती म्हणून या दोन्ही प्रतिमांत एकत्र येत नाही.

सटवाईचा कोरा कागद आणि कोतवालाची वही

लोकाचारातील जन्माची नोंद आणखी वेगळी आहे. पाचव्या किंवा सहाव्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी विधिलिखित लिहिते, अशी श्रद्धा महाराष्ट्रात सर्वदूर आढळते. त्या पूजेत अनेक घरी कोरा कागद आणि लेखणी ठेवण्याची रीत आहे. सकाळी कागद कोराच असतो. लेख झालेला असतो तो अदृश्य. या विधीत लिहिले जाते ते बाळाचे भविष्य. आदल्या काही दिवसांत आईने जे सोसले, त्याचा लेख देवीही लिहीत नाही. बाळंतीण त्या वेळी विटाळाच्या मर्यादेत, बाजेवर, शेगडीच्या शेकात असते. तिच्या प्रसूतीची खरी साक्षीदार असते सुईण. पण सुईणीचे ज्ञान हाताचे आणि तोंडी, त्यामुळे तिच्यामागे कागद उरत नाही.

कागद उरतो तो सरकारचा. वऱ्हाड प्रांत १८५३ साली इंग्रजांच्या व्यवस्थेखाली आला. वाशिम, म्हणजे त्या काळचे 'बासीम', १९०५ पर्यंत स्वतंत्र जिल्हा होते. पुढे हा प्रदेश अकोला जिल्ह्यात समाविष्ट झाला आणि १ जुलै १९९८ रोजी वाशिम जिल्हा पुन्हा अस्तित्वात आला. या प्रशासकीय उलथापालथीतून गावपातळीवरील जन्ममृत्यूच्या ज्या नोंदी टिकून राहिल्या, त्या विदर्भात 'कोतवाल बुक' किंवा 'कोतवाल पंजी' या नावाने ओळखल्या जातात. जात पडताळणीच्या प्रकरणात पुरावा म्हणून आजही त्यांची नक्कल शोधली जाते.

या नोंदींचे स्वरूप बोलके आहे. बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी आणि तारीख इतका तपशील त्यांत असतो. पुष्कळदा बाळाचेही नाव नसते, कारण नोंदीच्या वेळी बारसे झालेले नसते. 'अमक्यास मुलगा झाला' एवढ्यावर काम भागते. आईचे नाव तर बहुधा नसतेच. ज्या घटनेत सर्वाधिक श्रम आणि सर्वाधिक धोका एका व्यक्तीचा आहे, त्या घटनेच्या अधिकृत कागदावर नेमकी तीच व्यक्ती गैरहजर आहे. महाराष्ट्र शासनाने बालकाच्या नावानंतर आईचे नाव आणि त्यापुढे वडिलांचे नाव लिहिण्याचे बंधन शासकीय दस्तऐवजांसाठी घातले, ते २०२४ साली. कोतवालाच्या वहीपासून या निर्णयापर्यंतचे अंतर शतकाहून अधिक आहे.

कॅमेरा आणि बाळंतिणीची खोली

मुंबईत १८५४ साली 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' स्थापन झाली. तिच्या आरंभीच्या एतद्देशीय सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे होते. ते ग्रँट मेडिकल कॉलेजचे पदवीधर वैद्य आणि नाणावलेले छायाचित्रकार होते. वैद्यक आणि कॅमेरा हे दोन्ही एकाच मराठी माणसाच्या हाती इतक्या लवकर आले; परंतु प्रसूतीची खोली पुरुषाला, मग तो वैद्य असो की छायाचित्रकार, बंदच होती. तांत्रिक अडचण होतीच. त्या काळच्या काचांना भरपूर प्रकाश आणि निश्चल देह लागे. बाळंतिणीची खोली अंधारी आणि वेणांतील देह अस्वस्थ. तथापि मुख्य अडसर सामाजिक होता. राजा दीनदयाळ यांनी १८९२ साली हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र 'जनाना स्टुडिओ' काढून तो एका इंग्रज बाईंच्या हाती सोपविला, यावरून साध्या व्यक्तिचित्रासाठीही किती व्यवस्था करावी लागे, हे स्पष्ट होते.

डॉ. आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण या संदर्भात विशेष अर्थपूर्ण आहे. वयाच्या चौदाव्या वर्षी त्या प्रसूत झाल्या आणि त्यांचे बाळ दहा दिवसांत दगावले. पुढे फिलाडेल्फिया येथे १८८६ साली वैद्यकीय पदवी घेताना त्यांनी प्रबंधासाठी विषय निवडला तो हिंदू आर्यांच्या प्रसूतिशास्त्राचा. १८८५ साली जपानी आणि सीरियन सहाध्यायिनींसमवेत काढलेले त्यांचे छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. वैद्य म्हणून त्यांची प्रतिमा उरली. ज्या बाळंतपणाने त्यांना वैद्यकाकडे वळविले, त्याची मात्र केवळ चरित्रातील हकीकत उरली.

लोकप्रिय मुद्रित चित्रांनी या खोलीला वळसा घातला. राजा रविवर्मा यांच्या मुंबईतील छापखान्यातून १८९४ साली बाहेर पडलेले पहिले चित्र 'शकुंतला-जन्म' हे होते, असे सांगितले जाते. त्यात मेनका बाळ पुढे करते आणि विश्वामित्र तोंड फिरवितो. शीर्षकात जन्म आहे. चित्रात जन्मानंतरचा नकार आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली एका रोपाच्या अंकुरण्याचे टप्प्याटप्प्याने चित्रण करून 'अंकुराची वाढ' हा लघुपट सिद्ध केला. मराठी माणसाच्या कॅमेऱ्याने टिपलेला हा पहिल्या काही जन्मांपैकी एक जन्म. पण तो बियाण्याचा.

माणसाच्या जन्माचे छायाचित्र मुंबईकरांनी सार्वजनिक भिंतीवर पाहिले ते १९५६ साली. एडवर्ड स्टायकेन यांनी न्यूयॉर्क येथे १९५५ साली सिद्ध केलेले 'द फॅमिली ऑफ मॅन' हे प्रदर्शन भारतभ्रमणावर निघाले आणि मुंबईत मांडले गेले. वेन मिलर या अमेरिकन छायाचित्रकाराने १९४६ साली टिपलेला स्वतःच्या मुलाचा जन्म त्या प्रदर्शनात होता. प्रसूती करणारे डॉक्टर मिलर यांचेच वडील होते. हेच चित्र १९७७ साली 'व्हॉयेजर' यानांवरील सुवर्ण-तबकडीत मानवजातीची ओळख म्हणून अंतराळात गेले. या चित्राच्या केंद्रस्थानी डॉक्टर आणि अर्भक आहेत. कॅमेरा वडिलांचा, हात आजोबांचे. आईची ओळख पटावी असे त्यात काही नाही. लज्जागौरीची आठवण येथे अपरिहार्यपणे होते.

खोली बदलली, साक्षीदारही बदलला

१८८५ साली स्थापन झालेल्या डफरीन फंडातून स्त्रियांसाठी रुग्णालये उभी राहिली. अमरावतीचे जिल्हा स्त्री रुग्णालय आजही लोकांच्या तोंडी 'डफरीन' आहे. तरी ग्रामीण वऱ्हाडात बाळंतपण दीर्घकाळ घरीच होत राहिले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील संस्थात्मक प्रसूतीचे प्रमाण २००५-०६ मध्ये ६४.६ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते ९४.७ टक्के झाले. पंधरा वर्षांत बाळंतपण घरातून जवळपास पूर्णपणे दवाखान्यात आले. यामुळे अनेक जीव वाचले, हे निर्विवाद आहे. परंतु या स्थलांतरात ओळखीची साक्षीदार, म्हणजे सुईण, आई, थोरली जाऊ, दाराबाहेर राहिली. ही उणीव ओळखून केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ साली शासकीय संस्थांत प्रसूतीच्या वेळी एका स्त्री-सोबतिणीस परवानगी दिली आणि २०१७ च्या 'लक्ष्य' उपक्रमात सन्मानपूर्वक प्रसूतिसेवेवर भर दिला.

याच काळात बाळाचे पहिले चित्र जन्माआधीच निघू लागले. सोनोग्राफीच्या पडद्यावरील ही प्रतिमा आईच्या देहाची असली, तरी ती वाचण्याची सत्ता इतरांकडे होती, आणि त्या वाचनाने मुलींचे जीव गेले. १९८८ साली महाराष्ट्राने देशात प्रथम या तंत्राच्या गैरवापराविरुद्ध कायदा केला. १९९४ साली केंद्राचा कायदा आला. प्रसूतीशी संबंधित प्रतिमा निरुपद्रवी नसते आणि ती कोणाच्या हाती पडते यावर तिचे परिणाम ठरतात, हा धडा महाराष्ट्राने फार मोठी किंमत देऊन घेतला आहे.

मोबदला देणारा तोच मालक

या पार्श्वभूमीवर व्यावसायिक जन्म-छायाचित्रणाकडे पाहावे लागते. त्याचे सामर्थ्य उघड आहे. वेणा सोसणारी स्त्री, तिचा चेहरा, तिचा देह आणि तिचे श्रम हे सर्व प्रथमच एका चौकटीत, एका ओळखता येणाऱ्या व्यक्तीचे म्हणून येऊ शकते. मायादेवी आणि लज्जागौरी यांच्यातील दरी येथे बुजू शकते.

परंतु कायद्याचे एक कलम येथे ध्यानात घ्यावे लागते. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यातील कलम १७ (ख) नुसार, एखाद्याच्या सांगण्यावरून मोबदल्यासाठी छायाचित्र काढले असेल, तर विरुद्ध करार नसल्यास स्वामित्वहक्काचा पहिला मालक ते काढवून घेणारा असतो. म्हणजे पतीने किंवा सासऱ्याने छायाचित्रकार ठरविला, तर स्त्रीच्या प्रसूतीच्या चित्रांचा पहिला मालक पती किंवा सासरा ठरतो. कोतवालाच्या वहीत बापाचे नाव होते. छायाचित्राच्या पावतीवरही त्याचेच नाव राहण्याचा हा मार्ग आहे.

दुसरीकडे, भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ स्त्रीला संरक्षण देते. तिच्या खासगी अवस्थेचे चित्रण संमतीशिवाय करणे हा तर गुन्हा आहेच. शिवाय तिने चित्र काढण्यास संमती दिली, पण ते इतरांना दाखविण्यास दिली नाही, तर त्याचा प्रसार हाही गुन्हा आहे. काढण्याची संमती आणि दाखविण्याची संमती या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे तत्त्व कायद्याने मान्य केले आहे. आता प्रत्येक नातलगाच्या खिशात कॅमेरा असतो. मेडशीतील बाळंतिणीला व्यावसायिक छायाचित्रकार कदाचित कधीच भेटणार नाही. पण नातलगाच्या मोबाइलमधून सर्वदूर जाणारे चित्र तिच्या वाट्याला आजही येऊ शकते. म्हणून हा प्रश्न महानगरांपुरता उरत नाही.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, आपल्या परंपरेत जन्माच्या नोंदीचा अभाव नव्हता. अभाव होता तो प्रसूत होणाऱ्या स्त्रीचा. दाता, शासन, छापखाना, कुटुंब यांपैकी ज्याने नोंद करविली, त्याच्या गरजेपुरतेच त्या नोंदीत आले. जन्म-छायाचित्रण हा क्रम बदलू शकते, परंतु केवळ कॅमेरा खोलीत आल्याने तो बदलणार नाही. ठरविणारी ती, करारावर सही तिची, वेणांच्या ऐन भरातही 'आता पुरे' म्हणण्याचा अधिकार तिचा आणि चित्रे जपण्याचा वा नष्ट करण्याचा निर्णयही तिचा, असे झाले तरच ही नोंद तिची होईल. अन्यथा कोतवालाच्या वहीचीच ही नवी, रंगीत आवृत्ती ठरेल. तंत्र बदलते तेव्हा मालकीही बदलते, असे इतिहास सांगत नाही. ती बदलून घ्यावी लागते.