मक्यातले तणनाशक विहिरीत कसे उतरले?



मक्यात आणि उसात तणासाठी अ‍ॅट्राझिन आपल्यापैकी बरेच जण वापरतात. पेरणी झाली, तण अजून वर आलेले नाही, तेव्हा ओल्या जमिनीवर ते फवारायचे. खुरपणीला माणूस मिळेना की हे औषध कामाला येते, यात खोटे काही नाही. पण त्याची मागची हकिकत ठाऊक असलेली बरी, कारण ती विहिरीपर्यंत जाते.

स्वित्झर्लंडमधील बाझल शहरातल्या गायगी कंपनीने 1958 च्या सुमारास हे तणनाशक आणले. मक्याचे रोप ते पचवते, तणाला ते पचत नाही. अमेरिकेच्या मका पट्ट्यात ते झपाट्याने पसरले. तेव्हा समज असा, की औषध वरच्या मातीत राहते आणि तिथेच जिरून जाते.

अर्धी गोष्ट खरी होती. वरच्या वीतभर मातीत ऊब, हवा आणि भरपूर जिवाणू असतात, ते औषध मोडून टाकतात. पण अ‍ॅट्राझिन मातीला घट्ट धरून बसत नाही. फवारणीमागून मोठा पाऊस झाला, त्यात जमीन वाळूसर असली, की ते पाझराबरोबर खाली निघते. खाली हवा कमी, जिवाणू थोडे, ऊन तर नाहीच. मग मोडणार कोण?

दूध आणि मक्याचे राज्य असलेल्या विस्कॉन्सिनमध्ये घरच्या विहिरींतच ते सापडले. तिथल्या सरकारने 1991 पासून नियम केले. लिटरला 3 मायक्रोग्रॅमची मर्यादा ओलांडलेल्या विहिरींच्या परिसरात वापर बंद. पुढे अशी 101 क्षेत्रे झाली, मिळून सुमारे 12 लाख एकर.

3 मायक्रोग्रॅम म्हणजे किती? आपली 20 फूट व्यासाची विहीर घ्या, त्यात 10 फूट पाणी. हे झाले सुमारे 89 हजार लिटर. एवढे पाणी त्या मर्यादेला न्यायला 50 टक्के भुकटी अर्धा ग्रॅम पुरते. बोटांच्या चिमटीत मावेल एवढी! आणि युरोपने 1980 साली पिण्याच्या पाण्यासाठी घातलेली मर्यादा याच्या तिसाव्या हिश्शाची, 0.1 मायक्रोग्रॅम.

जर्मनीने 1991 साली अ‍ॅट्राझिनवर बंदीच घातली. तरी वीस वर्षांनंतरही तिथल्या भूजलात ते आणि त्याचे मोडलेले अंश सापडत होते. फवारणी एका हंगामात थांबते, खालचे पाणी तसे धुतले जात नाही.

सगळेच औषध रानातून पाझरून येते असेही नाही. विहिरीच्या काठावर पंप भरताना सांडलेले, तिथेच धुतलेले, किंवा पाण्याची नळी टाकीत बुडवून ठेवल्याने मोटर बंद पडताच उलटे ओढले गेलेले औषध थेट पाण्यात उतरते. तेव्हा पाणी बादलीने दूर न्या, औषध तिथेच कालवा, आणि पंप धुतलेले पाणी त्याच मक्याच्या ओळीत फवारून टाका. पाणी उकळून अ‍ॅट्राझिन जात नाही. शंका असेल तर प्यायला दुसऱ्या विहिरीचे पाणी घ्या आणि आपल्या विहिरीचा नमुना प्रयोगशाळेत द्या. देताना तणनाशकाची तपासणी हवी असे मुद्दाम सांगा, कारण क्षार आणि जंतूंच्या नेहमीच्या तपासणीत ते दिसत नाही.