‘कॅन्यन द शे’ : एक तळटीप

मूळ पाठातील ‘द शे’ हे उपपद दिसावयास फ्रेंच वाटले, तरी नव्हाजो भाषेतील ‘त्सेयी’, म्हणजे ‘खडकाच्या आत’, या शब्दाचा तो स्पॅनिश अंमलदारांच्या दप्तरातून आलेला अपभ्रंश होय. ॲरिझोनातील या तांबड्या दरीत जो सातशे फुटांहून उंच सुळका उभा आहे, तो नव्हाजो स्त्रियांना मागावरील विणकाम शिकविणाऱ्या, कोळ्याचे नाव धारण करणाऱ्या आदिमातेचे निवासस्थान मानला जातो. याच दरीतील पीचच्या बागा १८६४ साली अमेरिकन फौजेने तोडल्या आणि शरण आलेल्या रहिवाशांस शेकडो मैल पायी चालवीत बॉस्क रेडोंडोच्या छावणीत नेले. त्या यातनास्थळास ते आजही ‘ह्वेल्दी’ म्हणतात. १८६८च्या तहान्वये ते स्वभूमीस परतले. प्रस्तुत आवृत्तीत यापुढे ‘त्सेयी’ हेच नाव योजिले आहे. — संपादक