वायुवीजन-मापन (राहत्या घरांतील)

घरात माणसांचा वावर असताना बाहेरची ताजी हवा किती येते आणि आतल्या हवेत काय साचते, याचे मोजमाप. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हवा खेळती असूनही खोली धुराने भरलेली असू शकते.

अफजलपूर (जि. कलबुर्गी) आणि लगतच्या अक्कलकोट भागातील जुनी माळवदी घरे हे याचे बोलके उदाहरण. जाड भिंती, मातीचे धाबे, लहान खिडक्या आणि धूर-उजेडासाठी छताला ठेवलेले सवणे. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा दारे दुपारभर लोटलेली असतात. पाऊस आला की सवणे झाकले जाते. त्यामुळे मोजणीचा ऋतू, वेळ आणि घरातील माणसे यांची नोंद नसेल, तर आकड्याला अर्थ राहत नाही.

वायुवीजन मोजण्याचा सोपा मार्ग माणसाच्या श्वासातून जातो. म्युनिकचे माक्स फोन पेटेनकोफर यांनी 1858 मध्ये खोलीतील कार्बन डायऑक्साइडची मर्यादा हजारात एक भाग, म्हणजे 1000 पीपीएम, अशी सुचवली. बाहेरच्या हवेत आज हे प्रमाण 420 पीपीएमच्या आसपास आहे. माणसे खोलीबाहेर गेल्यावर आतला आकडा किती वेगाने उतरतो, त्यावरून हवा किती वेळा बदलली ते काढतात. तो 2000 वरून तासाभरात 1000 वर आला, तर ताशी हवाबदल जवळपास 1. मात्र त्या वेळी चूल पेटलेली नको. जळणातूनही हाच वायू निघतो.

गाणगापूर हे तीर्थक्षेत्र अफजलपूर तालुक्यातच आहे. तिथे यात्रेकरूंनी भरलेली 4 मीटर लांब, 3 मीटर रुंद, 3 मीटर उंच खोली डोळ्यांसमोर आणावी. ताशी एक हवाबदल म्हणजे 36 घनमीटर, सेकंदाला 10 लिटर. जागतिक आरोग्य संघटनेने कोविडकाळात माणशी एवढीच ताजी हवा सुचवली होती. म्हणजे ही खोली एकाच माणसाला पुरेशी! दारे लावून आठ जण झोपले, तर पहाटेपर्यंत कार्बन डायऑक्साइडचा आकडा 3000 पीपीएमच्या पुढे जातो.

धुराचा हिशेब वेगळा. तुराट्या-गोवऱ्यांच्या चुलीतून निघणारे सूक्ष्म कण (पीएम 2.5) आणि कार्बन मोनॉक्साइड स्वतंत्रपणे मोजावे लागतात. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने सुधारित चुलींची अशी तपासणी महाराष्ट्रातील खेड्यांत केली. निष्कर्ष 2007 मध्ये प्रसिद्ध झाले. स्वयंपाकघरात उपकरणे 48 तास ठेवली होती. लक्ष्मी, भाग्यलक्ष्मी या चुलींनी धूर घटला, पण हवा निर्धोक झाली नाही. जागतिक आरोग्य संघटनेची पीएम 2.5 साठी 24 तासांची मार्गदर्शक पातळी (2021) घनमीटरला 15 मायक्रोग्रॅम आहे. भारताचे 2009 चे मानक 60, आणि तेही बाहेरच्या हवेसाठी.

अशा तपासण्यांच्या रूढ पद्धतीत उपकरण चुलीपासून 1 मीटरवर, जमिनीपासून 145 सेंटिमीटर उंच आणि दार-खिडक्यांपासून शक्यतो दीड मीटर दूर टांगतात. ही उंची उभ्या बाईच्या नाकाची. या भागात भाकरी थापणारी बाई मात्र चुलीपुढे बसलेली असते. गरम धूर छताकडे चढतो, त्यामुळे वरचा आणि खालचा आकडा सारखा येत नाही. शिवाय फुंकणीने जाळ फुलवताना तिचे तोंड थेट आगीशी असते. तिच्या श्वासात काय जाते हे कळायला दुसरे उपकरण बसल्या उंचीवर किंवा तिच्या अंगावरच लावायला हवे.