बाजारपेठेतला वाडा : जालना, वाटूर, परतूर परिसरातील जुन्या घरांचा इतिहास

जालन्याहून मंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर वाटूरला परतूरचा फाटा फुटतो. उत्तरेला पूर्णा, दक्षिणेला दुधना आणि मध्ये काळी जमीन, असा हा मुलूख आहे. कापूस, ज्वारी, तूर ही इथली जुनी पिके आणि जालना ही त्यांची मोठी पेठ. या पिकांतून आणि त्यांच्यावरच्या वसुलीतून आलेला पैसा जिथे मुरला, ते इथले वाडे. पाटील-देशमुखांच्या गढ्या, कुलकर्ण्यांचे चौसोपी वाडे, व्यापाऱ्यांचे दुकानासकट वाडे अशी त्यांची रूपे निरनिराळी आहेत. बांधणी मात्र एकाच कुळीची: घडीव दगडाचे जोते, जाड भिंती, सागवानी सांगाडा आणि वर मातीचे माळवद.

ही बांधणी अशीच का झाली, याचे उत्तर अठराव्या शतकात सापडते. तुलनेसाठी आधी त्याच काळातले इंग्लंड पाहू. 1714 ते 1830 या काळात इंग्लंडच्या गादीवर ओळीने चार जॉर्ज राजे बसले. त्या काळात तिथल्या बाजारगावांमध्ये वकील, डॉक्टर आणि व्यापाऱ्यांनी बांधलेली घरे ‘जॉर्जियन’ म्हणून ओळखली जातात. भिंतीला भिंत लावून उभी असलेली ही घरे सरळ रस्त्यावर उघडतात, आणि उंच, प्रमाणबद्ध खिडक्यांच्या रांगा हा त्यांचा मुख्य डौल आहे. खिडक्यांवर 1696 पासून 1851 पर्यंत कर होता आणि काही मालकांनी तो चुकवण्यासाठी खिडक्या बुजवल्याही; तरी रस्त्याकडे तोंड करून राहण्याची रीत सुटली नाही. रस्ता सुरक्षित आहे, हा विश्वास त्या रचनेच्या मुळाशी होता.

त्याच शंभर वर्षांत जालना-परतूरच्या मुलखात तसा विश्वास ठेवणे शक्य नव्हते. 1724 मध्ये साखरखेर्ड्याच्या लढाईत निजामउल्मुल्काने मुघल सुभेदार मुबारिझखानाला हरवले आणि दख्खनमध्ये आपली स्वतंत्र सत्ता उभी केली. पुढच्याच वर्षी जालन्याचा किल्ला बांधला गेला. त्यानंतरची कित्येक दशके महसुलाचा एक वाटा निजामाकडे आणि चौथ-सरदेशमुखी मराठ्यांकडे, अशी दुअंमली चालली. 1763 मध्ये गोदावरीकाठी राक्षसभुवनची लढाई झाली आणि 1803 मध्ये भोकरदनजवळच्या आसईला इंग्रज सेनापती वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. लढाया एक-दोन दिवसांत संपत, पण फौजांचे येणे-जाणे, दाणावैरणीची लूट आणि मागून येणारे पेंढारी यांचा जाच वर्षानुवर्षे राहिला. धान्याचा साठा आणि रोकड घरातच ठेवावी लागणाऱ्या माणसाने रस्त्याकडे पाठ फिरवली, यात नवल नाही. वाड्याची सगळी रचना या एका निर्णयातून उलगडते.

बाहेरची भिंत जवळजवळ आंधळी असते. तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूला खिडकी नाही; असलाच तर उंचावर हवेपुरता झरोका. दरवाजा मात्र भव्य. जाड सागवानी फळ्या, त्यांवर लोखंडी खिळे, आतून भिंतीत सरकणारा अडसर, आणि मोठे दार न उघडता एका माणसाला वाकून आत येता यावे म्हणून ठेवलेली दिंडी. दरवाजाच्या आत दोन्ही अंगांना ढाळज. गावकऱ्यांचे बसणे-उठणे, राखणदाराची जागा आणि परक्या माणसाला थांबवण्याची हद्द, अशी तिन्ही कामे ही ढाळज करी. तिथून नजर थेट चौकात जाऊ नये म्हणून वाट बहुधा एक वळण घेऊन आत शिरते. उजेड आणि वारा यांची सोय चौक करतो. चौकाच्या चारी बाजूंना सोपे, एका बाजूला ओसरी, तिच्यामागे माजघर, देवघर, स्वयंपाकघर आणि शेवटी परसात आड किंवा विहीर. घराचे माप खणांत सांगत. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण. खांबाच्या बुडाशी दगडी तळखडा, माथ्यावर कोरीव हस्त, त्यांवर तुळई आणि तुळईवर कड्या. कोरीवकाम पाहायचे तर चौकात यावे लागते. घराचा दर्शनी भाग बाहेर नसून आत आहे, आणि रस्त्यावरून वाडा पाहून जाणाऱ्याला म्हणूनच तो अर्धाही कळत नाही.

पेठेतल्या वाड्यात याच रचनेला दुकान जोडले गेले. नवी पेठ वसवताना राज्यकर्ते व्यापाऱ्यांना कौल देत: इतकी वर्षे कर माफ, जागा मोफत किंवा नाममात्र दराने, आणि पेठेचा कारभार शेटे-महाजनांकडे. अशा पेठेत जागा अरुंद आणि खोल वाटली जाई, म्हणून वाडाही रुंदीपेक्षा खोलीत वाढला. पुढे ओटा आणि गादी-तक्क्याची पेढी, मागे माल आणि त्यामागे कुटुंब. पेढीवर मुनीम कीर्द-खतावणी लिही, हुंड्या तिथेच वटत आणि भाव पुष्कळदा रुमालाखाली बोटे दाबून ठरत. मापाडी माल मोजे, हमाल तो आत नेई. साठवणीची सोय तर घराच्या भिंतींतच असे. बळद म्हणजे आतून लिंपलेली अंधारी कोठी. तिच्यात धान्य माळवदावरून ओतायचे आणि खालच्या लहान दारातून काढायचे. पेव जमिनीखाली. ज्वारी त्यात वर्षानुवर्षे टिके, पण पेव उघडल्यावर लगेच आत उतरणे जिवावर बेतणारे, कारण कोंडलेल्या हवेत प्राणवायू उरत नाही. दुष्काळात गाव जगले ते या बळदांच्या आणि पेवांच्या जोरावर, आणि त्याच साठ्याच्या जोरावर सावकाराचे व्याजही चढले. दोन्ही गोष्टी त्याच घरात घडल्या.

या घरांचे सर्वांत मोठे कसब माळवदात आहे. कड्यांवर लाकडी लादणी किंवा किलचा, त्यांवर पाल्याचा थर आणि त्यावर दाबून बसवलेली एक ते दोन फूट पांढरी माती. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पावसात ती फुगते, म्हणून ती छपराला चालत नाही. गावठाणातली जुनी, राखाडी पांढरी माती फुगत नाही. ओली झाली की वरचा थर घट्ट बसतो आणि पाणी पन्हाळीकडे वाहून जाते. दरवर्षी मृग लागण्याच्या आधी माळवदावर माती टाकून ती तुडवून घेणे हे घराचे ठरलेले काम होते. मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे जाणाऱ्या या भागात मातीचे जाड छत आणि दोन-तीन फुटांची भिंत दुपारचा ताप आत पोहोचू देत नाही, आणि तेच माळवद रात्री झोपायला, दिवसा पापड-वाळवणाला उपयोगी पडते. श्रीमंत घरांत भिंती चुन्यात बांधत. चुना बैलाच्या घाणीत मळायचा, त्यात गूळ आणि हिरड्याचे पाणी घालायचे. साध्या घरांत दगड मातीतच रचला जाई, आणि या फरकाची किंमत पुढे फार मोठी ठरली.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून वाड्यांना वेगळे दिवस आले. सालारजंग 1853 मध्ये हैदराबादच्या निजामाचा दिवाण झाला. 1865 च्या जिल्हाबंदीने, म्हणजे मुलखाच्या जिल्हावार विभागणीने, वसुली सरकारी नोकरांकडे गेली आणि देशमुख-देशपांडे यांच्या वाट्याला रुसूम म्हणजे ठरावीक नेमणूक उरली. मुलखात स्थैर्य आले. त्याच सुमारास, 1861 ते 1865 या वर्षांत, अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिथला कापूस इंग्लंडला पोहोचेना आणि हिंदुस्थानी कापसाचे भाव चढले. जालन्यासारख्या पेठांत त्यातून पैसा आला. 1900 च्या आसपास मनमाड-सिकंदराबाद हा हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वेचा मीटरगेज मार्ग सुरू झाला. जालना आणि परतूर ही गावे त्याच्यावर आली. वाटूर रस्त्यावर राहिले. बैलांच्या आणि लमाणांच्या तांड्यांवर चालणारी वाहतूक त्यानंतर स्टेशनाकडे वळली.

रेल्वेने घरेही बदलली. लोखंडी गर्डर, मंगळुरी कौले, शहाबादी फरशी, रंगीत काचा आणि नळीचे पत्रे मालगाडीतून येऊ लागले. सागवान किनवट-आदिलाबादच्या जंगलातून येई. रेल्वे आल्यावर मुंबईमार्गे ब्रह्मदेशाचेही मिळू लागले. रस्ता पूर्वीपेक्षा निर्धास्त झाल्याने पेठेतल्या वाड्यांनी वरच्या मजल्यावर सज्जे आणि खिडक्या काढल्या. पिढ्यानपिढ्या पाठ फिरवून बसलेले घर रस्त्याकडे वळू लागले, ते असे. या काळातले वाडे सर्वांत नखरेल दिसतात, पण बांधणीचा खरा कस जुन्या, आंधळ्या भिंतींच्या घरांतच आहे.

लवकरच व्यापार वाड्याबाहेर पडला. हैदराबाद संस्थानात 1930 च्या सुमारास शेतीमालाच्या बाजाराचा कायदा आला आणि खरेदी-विक्री ठरलेल्या आवारात, उघड बोलीने करण्याची पद्धत सुरू झाली. मराठवाड्यात या बाजाराला मोंढा म्हणतात. पेढ्या मोंढ्यात गेल्या तशी वाड्यातली बळदे आणि कोठ्या रिकाम्या पडू लागल्या. 17 सप्टेंबर 1948 ला संस्थान भारतात आले. त्यानंतर हैदराबादचा 1950 चा कूळकायदा, इनामे खालसा करणारा कायदा, 1961 चा कमाल जमीनधारणा कायदा आणि वंशपरंपरागत पाटीलकी संपवणारा 1962 चा कायदा एकामागून एक आले. हे कायदे न्याय्य होते आणि उशिराच आले. त्यांचा एक परिणाम असा, की वर्षाला माळवदावर माती टाकायला लागणारे मनुष्यबळ आणि उत्पन्न वाड्याकडे राहिले नाही. वारसांच्या वाटण्या झाल्या, चौकात भिंती उठल्या. 1972 च्या दुष्काळानंतर अनेक कुटुंबे शहरांकडे गेली. गढ्यांची पांढरी माती तर गावाने हळूहळू उकरून आपल्या माळवदांवर नेली.

शेवटचा घाव 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेचा. किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे गेली, आणि त्यांतली बहुसंख्य मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती व जड माळवदे कोसळून गेली. अशा भिंतीचे दोन थर वेगवेगळे उभे असतात, मध्ये दगडमातीची भर असते. हादऱ्याने थर फाकतात आणि डोक्यावरचे कित्येक टनांचे छत खाली येते. त्यानंतर मराठवाडाभर माळवदाची भीती बसली. ती भीती साधार होती, पण तिच्यात चुन्यात बांधलेला पक्का वाडा आणि मातीतले कच्चे घर हा फरक पुसला गेला. वाडे उतरवून त्यांच्या जागी सिमेंटचे स्लॅब पडले.

आज असा वाडा विकायला निघतो, तेव्हा बहुतेक वेळा घर विकले जात नाही. जागेला वेगळा भाव लागतो आणि लाकडाला वेगळा. जुन्या लाकडाचे व्यापारी खांब, तुळया, दारे, हस्त मोजून घनफुटांवर सौदा करतात. कोरीव नग स्वतंत्र किमतीला जातात. मुंबईत जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात आणि तमिळनाडूत चेट्टिनाडच्या कराईकुडीत असा माल मोठ्या प्रमाणावर विकला जातो. बैठकीचा खांब कुठल्या तरी हॉटेलच्या दारात उभा राहतो आणि तळखडा बागेत जातो. सुटा झालेला खांब सुंदर दिसतो, पण खण मोजणारे घर त्यातून पुन्हा उभे राहत नाही.

इंग्लंडमधले जॉर्जियन घर मात्र अखंड विकले जाते, याला कारण कायदा आहे. 1947 च्या नगररचना कायद्याने ऐतिहासिक इमारतींची यादी करण्याची पद्धत घातली. 1967 मध्ये लिंकनशायरमधले स्टॅमफर्ड हे बाजारगाव तिथले पहिले संवर्धन क्षेत्र झाले. यादीतले घर खासगी मालकीचे राहते, विकता येते, पण परवानगीशिवाय त्याची खिडकीही बदलता येत नाही. त्यामुळे खरेदीदार आधीपासूनच जुन्या घराची किंमत मोजायला येतो आणि डागडुजी करणारे कारागीर टिकून राहतात. महाराष्ट्रात 1960 चा प्राचीन स्मारकांचा कायदा आहे आणि मुंबईसाठी 1995 मध्ये वारसा नियमावली झाली. सिंदखेडराजाचा लखुजी जाधवांचा राजवाडा संरक्षित आहे. पण वाटूर-परतूरच्या पट्ट्यातला एखाद्या कुटुंबाचा वाडा यांपैकी कशातही सहसा बसत नाही.

अखंड वाडा विकत घ्यायचा तर पहिली अडचण कागदाची. गावठाणातले घर ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर 8 मध्ये नोंदलेले असते. ती कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. जुने दस्त उर्दूत किंवा मोडीत असतात आणि हिस्सेदार अनेक गावांत विखुरलेले. सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय खरेदीखत टिकत नाही आणि मिळकत पत्रिकेशिवाय बँक कर्ज द्यायला तयार होत नाही. 2020 मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी करून सनदा देण्याचे काम हाती घेतले गेले. तिचा प्राथमिक प्रयोग पुणे जिल्ह्यातल्या सोनोरी गावात झाला होता.

दुसरे काम बांधकामाचे. आधी पाणी थांबवायचे, म्हणजे माळवद उतरवून त्याचे वजन कमी करायचे आणि वर चुन्याचा पातळ कोबा घालायचा. कड्यांची भिंतीत रुतलेली टोके आधी कुजतात, म्हणून तुळयांना टेकू देऊन तेवढाच भाग कापायचा आणि नवे सागवान सांध्याने जोडायचे. भिंतीत दोन्ही तोंडे बांधून ठेवणारे आरपार दगड बसवायचे, कोपरे सांधायचे, माथ्यावर चहूबाजूंनी पट्टा फिरवायचा. सिमेंटचा गिलावा टाळायचा, कारण तो भिंतीतली ओल बाहेर पडू देत नाही आणि आतला दगड-मातीचा सांधा भुसभुशीत होतो. चुना मळणारा गवंडी आणि हस्त कोरणारा सुतार मिळाला तर हे काम इथल्याच साहित्यात होते. सासवडजवळ पिलाजी जाधवरावांनी 1710 मध्ये बांधलेली गढी 2007 पासून हॉटेल म्हणून चालते, आणि चेट्टिनाडातले अनेक वाडे पाहुण्यांसाठी उघडले गेले आहेत. दोन्हीकडे घराने पुन्हा कमाई सुरू केल्यावरच त्याची देखभाल निघाली. जालना-परतूरच्या वाड्यालाही धान्याच्या कोठीऐवजी दुसरे उत्पन्न शोधावे लागेल: दवाखाना, वाचनालय, बियाणे कंपनीचे कार्यालय किंवा पाहुण्यांच्या खोल्या. चौक आणि चहूबाजूंच्या सोप्यांची रचना यांपैकी प्रत्येक वापराला, भिंत न पाडता, पुरी पडते.