बाणाच्या पुढचे आकडे

जबलपूरच्या पोस्टिंगमध्ये मला मोकळे रविवार बऱ्यापैकी मिळाले. त्यातले चौदा एका बुलेटवर गेले. गाडी माझी नव्हती. छावणीबाहेर राहणाऱ्या एका निवृत्त सुभेदार साहेबांची होती. ते एके काळचे डिस्पॅच रायडर. फौजेने मोडीत काढलेली ही गाडी त्यांनी लिलावात घेतली, पुष्कळ वर्षं चालवली आणि गुडघे गेल्यावर पडवीत उभी केली. त्याला बारा वर्षं झाली होती. तिला रस्त्यावर न्यायची नव्हती, कागदपत्रंही संपलेली. त्यांना फक्त एकदा आवाज ऐकायचा होता.

"साब, मी करून बघू?" असं विचारलं, तर म्हणाले, "कर बेटा. पण आल्या आल्या किक मारू नकोस."

हे सांगणं बरोबर होतं. जुन्या बुलेटच्या ऑइलची टाकी इंजिनाच्या कवचातच असते. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की ऑइल झिरपत खाली क्रँककेसमध्ये साचतं. तशीच किक मारली तर सील फुटायचे. म्हणून पहिल्या रविवारी फक्त ऑइल काढलं, प्लग काढून आत डिझेल आणि ऑइल ओतलं आणि गाडी तशीच ठेवली. तिसऱ्या रविवारी किक हाताने दाबली, तेव्हा पिस्टन बोटभर हलला. क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटलेल्या होत्या. पेट्रोलच्या टाकीत मूठभर नट आणि रॉकेल घालून आम्ही दोघांनी ती आळीपाळीने हलवली. आतून चहासारखं पाणी निघालं.

ही गाडी फौजेत आली कशी, तेही सांगायला हवं. एनफिल्ड हे नाव आपल्याला आधी रायफलीमुळे माहीत. इंग्लंडमधल्या एनफिल्ड गावी सरकारी शस्त्रांचा कारखाना होता. रेडिच गावच्या एका सायकल कंपनीला त्या कारखान्यासाठी सुटे भाग बनवण्याचं काम मिळालं. त्यावरून कंपनीने रॉयल एनफिल्ड हे नाव घेतलं आणि बंदुकीसारखी घडवलेली गाडी अशी जाहिरात केली. बुलेट हे नाव 1932 सालचं. मागच्या चाकाला स्प्रिंग असलेली 350 सीसीची बुलेट दुसऱ्या महायुद्धानंतर आली.

स्वातंत्र्यानंतर आपल्या फौजेला सरहद्दीवरच्या कामासाठी मोटरसायकल हवी होती. पन्नाशीच्या सुरुवातीला बुलेटची ऑर्डर गेली. मग 1955 मध्ये मद्रास मोटर्स आणि रेडिचची कंपनी यांनी मिळून एनफिल्ड इंडिया काढली. आधी इंग्लंडहून सुटे भाग यायचे आणि मद्रासला गाड्या जोडल्या जायच्या. मग साचे आणि यंत्रंही आली, तिरुवोट्टियूरला कारखाना उभा राहिला आणि 1962 पर्यंत सगळे भाग इथेच बनू लागले. रेडिचचा कारखाना 1967 मध्ये बंद पडला. 1970 च्या सुमारास इंग्लंडमधलं उत्पादनच थांबलं. मद्रासचं चालू राहिलं, आणि 1977 पासून मद्रासची बुलेट इंग्लंडला विकायला जाऊ लागली.

ती टिकली कशी, हे गाडी उघडल्यावर कळतं. फार काही नाहीच आत. एक सिलिंडर, 70 मिलिमीटर रुंदीचा, आत पिस्टन 90 मिलिमीटर वरखाली फिरतो. गियर उजव्या पायात, ब्रेक डाव्या. पॉइंटमधली फट साधारण 0.4 मिलिमीटर. फीलर गेज नसेल तर जाडसर पुठ्ठ्याचा तुकडाही चालतो, असं साहेब सांगत. पुढे हजार मैल दुकान नसलेल्या ठिकाणी एका माणसाला पाना आणि पक्कड घेऊन दुरुस्त करता येईल, अशी ही गाडी. मोठे बदल इतक्या उशिरा झाले की मी बाजारातून आणलेले नवे रिंग आणि वॉल्व्ह जुन्या इंजिनात निमूट बसले.

नवव्या रविवारी माझ्या हातून चूक झाली. साहेब आत झोपले होते. मी ड्रिलला वायर ब्रश लावून गंज काढत होतो. मागच्या नंबर प्लेटवर सिव्हिल नंबरचा काळा रंग होता, तो उडवला. खाली हिरवा रंग लागला आणि त्यावर पांढरा, वर टोक असलेला बाण. तोवर बाणापुढचं सगळं उडालं होतं. एक मिनिटही लागलं नसेल.

फौजी वाचकांना सांगायला नको. इतरांसाठी सांगतो, लष्करी वाहनाचा नंबर बाणाने सुरू होतो आणि त्यापुढचे दोन आकडे म्हणजे वाहन फौजेत आलं ते साल. इंजिनावर ठोकलेला नंबर कंपनीचा. फौजेचा नंबर तेवढा त्या पत्र्यावर होता.

साहेब उठून आले. प्लेट हातात घेऊन बराच वेळ बघत बसले. म्हणाले, "लिलावानंतर रंग मीच मारला होता. पातळ मारला होता, खालचा नंबर राहावा म्हणून." लिलावाचे कागद वाळवीने खाल्लेले. नंबर आठवतो का, असं मी विचारलं. त्यांनी एक साल सांगितलं, मग दुसरं, मग गप्प झाले. मला रागावले असते तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर मी वायर ब्रश हातात घेतला नाही. टाकीवरचा पोचा, हँडलवरचा गंज, सीटची शिवण, सगळं तसंच ठेवलं. आपण जुनी गाडी नवी करतो म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा तिची वर्षंच खरवडून टाकतो. इंजिन चालायला हवं, तेवढंच दुरुस्त करावं, बाकीच्याला हात लावण्याआधी मालकाला विचारावं. हे शिकायला मला नऊ रविवार आणि एक नंबर लागला.

चौदाव्या रविवारी साहेब खुर्ची घेऊन पडवीत बसले आणि ऑर्डर देऊ लागले. चावी लाव. किक हळू दाब. अँमीटरचा काटा मधे आला? आता डीकॉम्प्रेशनचा खटका ओढ, किक थोडी पुढे ने, सोड. आता मार. चौथ्या किकला गाडी लागली. साहेबांनी कानामागे हात धरला आणि म्हणाले, "पॉइंट अजून जरा उघड."

ती प्लेट आता त्यांच्या पडवीत खिळ्याला टांगली आहे. तिच्यावर बाण तेवढा आहे.