आडनाव एक, केनेडी अनेक

स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यासमोर 'केनेडी' हे नाव उच्चारले की त्याला कालव्यातला गाळ आठवतो. जीवरसायनशास्त्राचा विद्यार्थी पेशीपटलातील मेदाविषयी बोलू लागतो. दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याला पडलेल्या दातांमुळे जबड्यात राहिलेल्या जागांचे वर्गीकरण आठवते, चेताविकारतज्ज्ञाला एक आनुवंशिक रोग, आणि शाळेतल्या मुलांना अवकाशयानांचे उड्डाणस्थळ. हे सारे एकाच थोर माणसाचे, किंवा निदान एकाच घराण्याचे काम असावे, असे एखाद्या विद्यार्थ्याला वाटले तर नवल नाही. तसे मुळीच नाही. पण तसे का नाही, हे शोधू लागले की इतिहास आणि जीवशास्त्र या दोन्ही विषयांचे दरवाजे उघडतात.

आयर्लंडमध्ये वंशपरंपरेने चालणारी आडनावे साधारण दहाव्या-अकराव्या शतकापासून रूढ होऊ लागली. तिथल्या गेलिक भाषेत नावाआधी येणारा 'मॅक' म्हणजे मुलगा आणि 'ओ' म्हणजे नातू किंवा वंशज. केनेडीचे मूळ रूप 'ओ'ने सुरू होते; म्हणजे त्या नावाच्या एका पुरुषाचे वंशज. नावाचा पहिला भाग 'डोके' असा आहे, हे नक्की. दुसऱ्या भागाचा अर्थ कोणी 'शिरस्त्राण' असा लावतात, तर कोणी 'कुरूप' असा. केनेडी मंडळींना यांपैकी कोणता अर्थ आवडत असेल, हे सांगायला नको! १०१४ साली क्लॉन्टार्फच्या लढाईत मारला गेलेला आयर्लंडचा प्रसिद्ध राजा ब्रायन बोरू याच्या वडिलांचे नाव हेच होते. ब्रायनच्या याच नावाच्या पुतण्यापासून हे आडनाव पुढे चालले, असे वंशावळी सांगतात. हे घराणे नंतर टिपरेरी परगण्याच्या उत्तर भागात स्थिरावले.

समुद्रापलीकडे, स्कॉटलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील कॅरिक भागात केनेडींचे दुसरे बलाढ्य घराणे उभे राहिले. त्याच्या प्रमुखाला १५०९ मध्ये 'अर्ल ऑफ कॅसिलिस' आणि १८३१ मध्ये 'मार्क्वेस ऑफ आयल्सा' असे किताब मिळाले. यातले आयल्सा म्हणजे किनाऱ्यासमोर समुद्रातून वर आलेला आयल्सा क्रेग हा खडक. तो अतिशय बारीक कणांच्या ग्रॅनाइटचा असून पाणी फारच कमी शोषतो, म्हणून बर्फावर सरकवत खेळायच्या 'कर्लिंग'चे दगड त्यापासून घडवले जातात. किताबाच्या नावात भूगर्भशास्त्र सापडावे, हे आम्हाला किताबापेक्षा अधिक मोलाचे वाटते.

आता ही दोन घराणी एकाच रक्ताची का? दोन्ही किनाऱ्यांवर एकच गेलिक भाषा बोलली जाई. तेव्हा एकाच व्यक्तिनावापासून दोन ठिकाणी स्वतंत्रपणे एकच आडनाव तयार होण्यात काही अडचण नव्हती. पुढे सतराव्या शतकात स्कॉटलंडमधून हजारो लोक उत्तर आयर्लंडमध्ये वसवले गेले आणि गुंता आणखी वाढला. दोन पाटील भेटले म्हणून ते भाऊबंद ठरत नाहीत, हे आपल्याला सांगावे लागत नाही. परदेशी नावाच्या बाबतीत मात्र आपण ते विसरतो.

या प्रश्नाची वैज्ञानिक कसोटी आहे. आडनाव वडिलांकडून मुलाकडे जाते, आणि पुरुषाचे वाय गुणसूत्रही तसेच जाते. एका आडनावाचे सगळे पुरुष एकाच मूळपुरुषाचे वंशज असतील, तर त्यांची वाय गुणसूत्रे जवळजवळ सारखी निघायला हवीत. लीस्टर विद्यापीठातील टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी ४० ब्रिटिश आडनावांचा असा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध केला. ॲटनबरो या विरळ आडनावाच्या दहापैकी जवळजवळ नऊ पुरुषांची गुणसूत्रे एकाच कुळातली निघाली. स्मिथ या आडनावाचे पुरुष मात्र रस्त्यावरून कोणीही उचलून आणावेत तितके वेगवेगळे निघाले. स्मिथ म्हणजे लोहार, आणि लोहार गावोगावी होते. आडनाव जितके प्रचलित, तितके त्याचे मूळपुरुष अनेक असण्याची शक्यता जास्त. शिवाय दत्तक घेणे, आईचे आडनाव लावणे, सरदाराचे नाव स्वीकारणे अशा कारणांनीही नाव आणि गुणसूत्र यांची जोडी फुटते.

आता विज्ञानातल्या केनेडींकडे वळू. यातले आपल्या सर्वांत जवळचे म्हणजे रॉबर्ट ग्रेग केनेडी. पंजाबच्या पाटबंधारे खात्यात ते कार्यकारी अभियंता होते. रावी नदीवर माधोपूर येथे निघणाऱ्या अपर बारी दोआब कालव्यावर त्यांनी निरीक्षणे केली. हिमालयातल्या नद्यांचे पाणी गाळाने भरलेले असते. कालव्यात वेग कमी पडला तर गाळ तळाशी बसून कालवा उथळ होतो. वेग जास्त झाला तर तळ खरवडला जातो. वर्षानुवर्षे ना भरलेल्या, ना खरवडलेल्या अशा कालव्यांमध्ये पाण्याचा वेग किती आहे, हे केनेडींनी मोजले. तळापासून वर उठणारे भोवरे गाळाला तरंगत ठेवतात, म्हणून योग्य वेग खोलीवर अवलंबून असतो, असे त्यांनी १८९५ मध्ये मांडले. मीटरच्या मापात त्यांचे सूत्र असे: खोलीचा ०.६४ वा घात घ्यावा आणि त्याला ०.५५ ने गुणावे. पाणी १ मीटर खोल असेल तर वेग सेकंदाला ०.५५ मीटर हवा. २ मीटर असेल तर सुमारे ०.८६ मीटर. वाळू जाडी असेल तर वेग थोडा अधिक धरतात. पुढे जेराल्ड लेसी यांनी कालव्याचा आकारही विचारात घेऊन अधिक व्यापक सूत्रे दिली, पण आरंभ केनेडींचा. प्रयोगशाळेच्या टाकीत नव्हे, तर शेतकऱ्यांना पाणी देणाऱ्या चालू कालव्यांवर झालेले हे संशोधन आहे. ते आपल्या शालेय पुस्तकांत दिसत नाही याचे आम्हाला वाईट वाटते.

जीवरसायनातले केनेडी म्हणजे अमेरिकेचे यूजीन केनेडी. अन्नापासून ऊर्जा मिळवण्याच्या महत्त्वाच्या क्रिया पेशीतील तंतुकणिकांमध्ये घडतात, हे त्यांनी आल्बर्ट लेनिंजर यांच्याबरोबर १९४८-४९ मध्ये दाखवले. नंतर पेशीपटलातील फॉस्फरसयुक्त मेद कसे तयार होतात, याचा शोध घेताना एक विचित्र गोष्ट घडली. एटीपी या पदार्थाचा एक नमुना घातला की अभिक्रिया होई, आणि अधिक शुद्ध एटीपी घातले की होत नसे! अशुद्ध नमुन्यात सीटीपी नावाचा दुसरा पदार्थ मिसळलेला होता आणि खरे काम तोच करत होता. हा मार्ग 'केनेडी मार्ग' म्हणून ओळखला जातो.

चेताविकारातले केनेडी निराळे. विल्यम केनेडी या अमेरिकन डॉक्टरांनी १९६८ मध्ये स्नायू हळूहळू क्षीण करणाऱ्या एका रोगाचे वर्णन केले. १९९१ मध्ये त्याचे कारण कळले: पुरुष-संप्रेरकाला प्रतिसाद देणाऱ्या प्रथिनाच्या जनुकात तीन अक्षरांचा एक तुकडा प्रमाणाबाहेर पुन्हापुन्हा आलेला असतो. हे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. म्हणजे रोगी पिता ते आपल्या प्रत्येक मुलीला देतो, मुलाला कधीच देत नाही. आडनाव मुलाकडे जाते आणि केनेडी रोगाचे जनुक मुलीबरोबर दुसऱ्या घरी जाते! आनुवंशिकता शिकवताना यापेक्षा चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

आपल्या देशातही हे नाव विखुरलेले आहे. सिमल्यातले पहिले पक्के घर कॅप्टन चार्ल्स केनेडी यांनी १८२२ मध्ये बांधले, ते 'केनेडी हाउस'. मुंबईत ऑपेरा हाउसजवळचा केनेडी ब्रिजही ब्रिटिश अमदानीतलाच. त्याचा अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांशी काही संबंध नाही.

राहिले ते राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी. १८४५ पासून आयर्लंडमधल्या बटाट्यावर करपा पडला आणि भीषण दुष्काळ आला. त्या काळात त्यांचे पणजोबा पॅट्रिक वेक्सफर्ड परगण्यातले आपले गाव सोडून बॉस्टनला गेले आणि १८५८ मध्ये तिथे पटकीने वारले. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी पणतूची हत्या झाली. आठवड्याभरातच, २९ नोव्हेंबरला, नवे अध्यक्ष जॉन्सन यांनी फ्लोरिडातील अवकाशकेंद्राला केनेडींचे नाव दिले आणि शेजारच्या केप कॅनाव्हेरल या भूशिराचेही नाव बदलले गेले. स्पॅनिश दर्यावर्दींनी दिलेले ते नाव अमेरिकेच्या नकाशावरील सर्वांत जुन्या नावांपैकी एक. स्थानिक लोकांना हा बदल रुचला नाही, आणि १९७३ मध्ये भूशिराला जुने नाव परत मिळाले. अवकाशकेंद्राचे नाव मात्र केनेडी असेच राहिले. १६ जुलै १९६९ रोजी अपोलो-११ निघाले ते याच केंद्रातून. म्हणून त्या दिवसांच्या वर्तमानपत्रात 'केप केनेडी' आणि नंतरच्या पुस्तकात 'केप कॅनाव्हेरल' असे आढळले, तर विद्यार्थ्यांना दोन ठिकाणे शोधायला लावू नयेत. भूशिर एकच आहे.